सोडून दिलेला नेम

पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाची टेकाडे, दक्षिणेस आरेचे रान आणि पश्चिमेस अहोरात्र वाहणारा द्रुतगती महामार्ग अशा तिन्ही सीमांमध्ये वसलेल्या, मुंबईच्या उपनगरातील दिंडोशीत, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एक महाविद्यालयीन मुलगी रोज दिवेलागणीला भिंतीसमोर हवेच्या पिस्तुलाचा सराव करीत असते. भिंतीवर पांढरा कागद, कागदावर एक काळा ठिपका, पिस्तुलात छर्रा नाही. डावा हात कमरेच्या पट्ट्यात अडकवून, उजवा हात सरळ ताणून ती ते हत्यार ठिपक्याच्या थोडे वर नेते, सावकाश खाली आणते, श्वास रोखते आणि क्षणभर मूर्तीसारखी स्तब्ध होते. एका संध्याकाळी तिच्या वडिलांशी बोलत बसलो असता मी सहज मोजले: पाच वेळा तिचा हात वर गेला, आणि त्यांतून तीन वेळा तो चाप न ओढताच खाली आला. वडिलांचे लक्ष तिकडे नव्हते. त्यांच्या मनात वेगळेच काही घोळत होते, आणि ते त्यांनी मोकळेपणाने विचारले, “काका, पदकाचं राहू द्या. रात्री क्लासहून उशिरा येते ही. उद्या कुणी आडवं आलंच, तर ह्याचा हिला उपयोग होईल ना?”

हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा नाही. मुंबईच्या उपनगरांतून वरळीच्या रेंजवर मुले पाठविणाऱ्या कित्येक आईबापांच्या मनात तो असतो, आणि स्पर्धेतील नेमबाजी व प्रत्यक्ष आत्मसंरक्षण यांचा संबंध काय, हा वाद जगभर शस्त्रविद्येच्या जाणकारांमध्ये निदान अर्धशतक चालू आहे. त्याचे उत्तर होय किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही, म्हणूनच त्याचा सविस्तर परामर्श घ्यावा असे मला वाटले.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, या खेळाचा जन्मच मुळी संरक्षणाच्या गरजेतून झाला. इंग्लंडात १८५९ साली राष्ट्रीय रायफल संघटना निघाली ती स्वयंसेवक सैनिकांच्या हाताला नेम यावा म्हणून. अमेरिकेत १८७१ साली तशीच संघटना निघाली ती यादवी युद्धात सैनिकांचा नेम किती कच्चा होता हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. आपल्याकडे इतिहास उलट्या दिशेने गेला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने लॉर्ड लिटनच्या सरकारने एतद्देशीयांच्या हातातील शस्त्र परवान्याच्या कक्षेत कोंडले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. तेव्हापासून सामान्य माणसाला बंदूक दिसे ती शिपायाच्या खांद्यावर किंवा संस्थानिकाच्या शिकारखान्यात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, डिसेंबर १९४६ मध्ये, मुंबई इलाख्यात मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने होमगार्ड दल उभे राहिले. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. आणि १९५१ मध्ये लोकसभेचे पुढे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर यांनी भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचा पाया घातला. मूळच्या कोकणच्या आणि अहमदाबादेस स्थायिक झालेल्या या कायदेपंडिताचे नाव आजही राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीच्या पात्रता स्पर्धेला दिलेले आहे. नि:शस्त्र केल्या गेलेल्या प्रजेच्या हाती, कायद्याच्या चौकटीत आणि शिस्तीच्या बंधनात, पुन्हा शस्त्र येत होते. त्या काळच्या माणसांना खेळ आणि नागरिकाची सज्जता या दोन गोष्टी निरनिराळ्या वाटल्या नसाव्यात.

छात्रसेनेच्या त्याच वाटेने दादरच्या कीर्ती महाविद्यालयातून अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, या खेळात आल्या आणि २००० साली सिडनीला दहा मीटर हवाई रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. संजय चक्रवर्ती या निष्ठावंत गुरूंच्या तालमीत त्यांच्याप्रमाणेच सुमा शिरूर घडल्या. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेऊन सुमाताईंनी जागतिक विक्रमाची बरोबरी केली. मग कोल्हापूरने हा वारसा उचलला. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिचला विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ साली पालेमबांगला आशियाई सुवर्ण जिंकले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तीन अवस्थांच्या रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात इतकी सलग यशोमालिका थोड्याच खेळांना लाभली आहे. पण यांपैकी कुणाच्याही यशाचा आत्मसंरक्षणाशी काही संबंध आहे काय?

त्यासाठी खेळाच्या अंतरंगात शिरावयास हवे. दहा मीटर हवाई रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा जो मध्यबिंदू असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. तो साधावयाचा तर खेळाडूला पाठीचा कणा किंचित वळवून शरीराचा भार स्नायूंवरून हाडांवर उतरवावा लागतो. जाड कापडाचे ताठर जाकीट, तशीच विजार, सपाट तळाचे बूट आणि एका डोळ्यासमोर पडदा, असा सगळा सरंजाम त्या निश्चलतेसाठी असतो. साठ नेमांना पंचाहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे एका नेमाला सरासरी सव्वा मिनिट. लक्ष्य जागचे हलत नाही. उजेड ठरलेला, अंतर ठरलेले, आणि समोरून कुणी धावून येण्याची शक्यता नाही. मला एकदा एका प्रशिक्षकांच्या कृपेने हवाई पिस्तूल हाती धरावयास मिळाले, तेव्हा नळीच्या टोकावरची नेमाची माशी जी नाचू लागली ती काही केल्या थांबेना. मी जितका तिला थांबवू पाहीन तितकी ती अधिक थरथरे. प्रशिक्षक म्हणाले, “थांबवू नका. हलू द्या. तुम्ही फक्त चाप सरळ मागे घ्या.” हे एक वाक्य पचविण्यात नेमबाजाची उमेदीची वर्षे खर्ची पडतात, असे त्यांनीच मला सांगितले.

आता याच्याशेजारी रस्त्यावरचा हल्ला ठेवून पाहा. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली एका लेखात असे दाखवून दिले की, हातात सुरा घेतलेला धडधाकट माणूस एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचे पिस्तूल काढून दोन गोळ्या झाडावयास सराईत पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. एकवीस फूट म्हणजे साडेसहा मीटरही नव्हेत. ज्या अंतरावरून आमची ही मुलगी सव्वा मिनिट विचार करून एक छर्रा सोडते, त्याहून कमी अंतर दीड सेकंदात संपते! शिवाय जिवावर बेतल्यावर हृदयाचे ठोके वाढतात, दृष्टी नळीतून पाहिल्यासारखी आकसते, कानांना ऐकू येईनासे होते, आणि बोटांची जी सूक्ष्म हालचाल नेमबाजाने वर्षानुवर्षे जोपासलेली असते तीच सर्वांआधी साथ सोडते. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या गोळीबाराचा रँड या संस्थेने २००८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात समोरून गोळ्या येत असताना शंभरांतल्या सुमारे अठराच गोळ्या लक्ष्यावर लागल्याचे दिसून आले. समोरून गोळीबार नसतानाही हे प्रमाण तिसाच्या आसपासच राहिले. हे चांदमारीत नियमित तपासले जाणारे, पगारी, प्रशिक्षित लोक होते.

ऑलिम्पिकच्या प्रकारांत प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार म्हणजे राहीताईंचा पंचवीस मीटर पिस्तूल. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात हात खाली ठेवून उभे राहावे लागते. खूण होताच तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी झाडावयाची, मग सात सेकंद थांबावयाचे, आणि असे पाच वेळा. पालेमबांगला अंतिम फेरीत थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशी बरोबरी झाल्यावर जादा फेरीत राहीताईंनी जे सुवर्ण खेचून आणले, त्यामागे ताणाखाली हात शाबूत ठेवण्याचेच सामर्थ्य होते, यात शंका नाही. तरीही खूण कधी होणार आणि तिच्यानंतर काय करावयाचे, हे तेथे आधीच ठाऊक असते.

ही उणीव ओळखूनच जेफ कूपर आदी मंडळींनी १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया येथे व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. स्पर्धकाने धावावे, भिंतीआडून नि खिडकीतून गोळ्या झाडाव्यात, अचूकता आणि वेग यांचा एकत्र हिशेब व्हावा, अशी तिची कल्पना. परंतु खेळाचा स्वभाव असा की जिंकण्याची ईर्षा मूळ हेतूला हळूहळू बाजूला सारते. वीस वर्षांत त्या स्पर्धांत खास घडवलेली पिस्तुले आणि खास बनवलेली म्याने आली, जी कमरेला लावून कुणी बाजारात जाणार नाही. तेव्हा १९९६ साली त्यांच्यातल्याच काहींनी फुटून संरक्षणाला वाहिलेली दुसरी संघटना काढली आणि नेहमीच्या वापरातलेच हत्यार हवे, आडोसा घेतलाच पाहिजे, निरपराध्याच्या चित्राला गोळी लागली तर दंड, असे नियम केले. हा प्रयत्न मला मनापासून आदरणीय वाटतो. पण तेथेही स्पर्धकाला मैदान आधी फिरून पाहता येते, आणि अमुक चित्र शत्रूचे नि अमुक वाटसरूचे हे मांडून ठेवलेले असते. जो निर्णय प्रत्यक्षात सर्वांत अवघड, म्हणजे समोरचा मनुष्य खरोखर जिवावर उठला आहे की नाही हा, तो आयोजकांनी स्पर्धकाच्या वतीने अगोदरच घेतलेला असतो.

आपल्या मुंबईला या प्रश्नाचे उत्तर फार दारुण रीतीने मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर आपले शिपाई जुन्या थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते, आणि कित्येकांच्या हाती तर केवळ लाठी होती. या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने नंतर नमूद केले की, ज्या पथकाने अशा प्रसंगी तत्काळ धावून जावयाचे त्याच्या जवानांनाही दारूगोळ्याच्या टंचाईपायी दीर्घकाळ गोळीबाराचा सराव मिळालेला नव्हता. तेव्हा सरावाची उपयुक्तता नाकारण्याचे धाडस या शहरात तरी कुणी करू नये. पुढच्याच वर्षी राज्याने फोर्स वन हे पथक उभारले, ते याच जाणिवेतून. पण त्याच रात्रीचे दुसरेही एक दृश्य आहे. करकरे, कामटे, साळसकर हे तिघेही शस्त्राला सरावलेले पोलीस अधिकारी. कामा रुग्णालयाच्या गल्लीत गाडीवर अकस्मात गोळ्यांचा वर्षाव झाला आणि तिघेही धारातीर्थी पडले. आणि गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे लाठीनिशी पुढे झाले, हल्लेखोर कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि देहात गोळ्या शिरत असताना सोडली नाही. त्यांच्यामुळेच तो जिवंत हाती लागला. कोणत्या चांदमारीत हे शिकवता आले असते?

समजा, आपल्या नेमबाजाचा हात असा तयार झाला की तो प्रत्यक्षातही डगमगणार नाही. तरी ऐन वेळी त्या हातात हत्यार असणार कोठून? ही बाजू या चर्चेत फार क्वचित बोलली जाते. खेळासाठी वापरले जाणारे ०.१७७ इंच व्यासाचे हवाई हत्यार, त्याची शक्ती वीस ज्यूलपेक्षा कमी असेल तर, परवान्याविना बाळगता येते; पण ते कागद भेदण्यासाठी असते, आणि हल्लेखोरावर ते रोखणे म्हणजे त्याला खऱ्या पिस्तुलाचा भास देऊन आपल्यावरच अधिक मोठे संकट ओढवून घेणे होय. खऱ्या हत्याराचा परवाना १९५९ च्या कायद्याखाली आणि २०१६ च्या नियमांखाली मिळतो. अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे शिक्षण घ्यावे लागते, पोलीस चौकशी होते, कारण पटवून द्यावे लागते, आणि मुंबईत ते पटले की नाही हे पोलीस आयुक्तांचे कार्यालय ठरविते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाच्या हत्यारांची मर्यादा तीनावरून दोनवर आणली. निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करून घेण्याचा शिरस्ता आहे. खेळाडूचे हत्यार रेंजवर किंवा कुलूपबंद पेटीत असावे, हाच जबाबदारीचा संकेत. ज्याला हे शिक्षण संरक्षणासाठी घ्यावेसे वाटते, त्याने आधी हे मनाशी नीट ठरवावे की संकटाच्या वेळी तो बहुधा रिकाम्या हातांनीच असणार.

आणि हत्यार हाती असलेच, तर कायदा काय म्हणतो? भारतीय दंडसंहितेची ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली, आशय बहुतांशी तोच राहिला. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही देहाचे रक्षण करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिडहल्ल्याची वाजवी धास्ती असेल तर तो अधिकार हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंतही पोहोचतो. मात्र सरकारी संरक्षण मागण्याइतका अवधी असेल तर तो उरत नाही, गरजेपेक्षा अधिक इजा करण्याइतका तो नाही, आणि धास्ती संपली की त्या क्षणी तोही संपतो. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी बचावाची राहत नाही, ती गुन्ह्याची होते. म्हणजे कायदा नागरिकाकडे अचूक नेम मागत नाही. तो मागतो विवेक, आणि तोही दीड सेकंदाच्या आत.

या विवेकावाचून शिक्षण आणि शस्त्र दोन्ही किती भयंकर होऊ शकतात, याची एक आठवण आमच्या दिंडोशीशीच जोडलेली आहे. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला व तीन प्रवाशांना सरकारी रायफलीने ठार केल्याचा आरोप झाला. त्याचा खटला येथल्या सत्र न्यायालयात आला. निकाल देणे न्यायालयाचे काम आहे, त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. त्या गाडीत प्रवाशांच्या रक्षणासाठी म्हणूनच ती सरकारी रायफल होती, आणि चार माणसे त्याच गाडीत मेली, एवढे मात्र मी विसरू शकत नाही.

तर मग नेमबाजीचे या बाबतीत काहीच देणे नाही काय? आहे, आणि ते फार मोठे आहे. पण ते आईबाप जेथे शोधतात तेथे ते नसते. रेंजवर पहिल्या दिवशी जे शिकवितात ते नेम धरणे नव्हे. प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे समजा. जे नष्ट करावयाचे नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम जुळेपर्यंत बोट चापावर ठेवू नका. लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते पाहा. दाट वस्तीच्या या उपनगरात, जेथे एका भिंतीपलीकडे दुसऱ्याचे स्वयंपाकघर असते, तेथे हा चौथा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. न्याय संहितेचे ४४ वे कलम निरपराध्याला धोका होण्याच्या ज्या प्रसंगाचा विचार करते, त्याची पूर्वतयारी या एका नियमात आहे. दुसरे देणे याहून सूक्ष्म आहे. नेम जुळून येत नाही असे वाटले की उत्तम नेमबाज हत्यार खाली घेतो. श्वास लांबला, मनगट थकले, मनात शंका आली, तर वेळ जात असला, प्रेक्षक पाहत असले, तरी तो तो नेम सोडून देतो आणि नव्याने आरंभ करतो. नवशिक्याला हे जमत नाही. इतका वेळ धरून ठेवले आहे तर झाडूनच टाकू, असा मोह त्याला होतो आणि गोळी वाया जाते. कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या पहिल्या टप्प्यानंतर मागे होते, तेथून ४५१.४ गुणांपर्यंत आणि पदकापर्यंत ते पोहोचले, ते मागे पडल्याची घाई हातात उतरू न दिल्यामुळे. ओढावयास निघालेले बोट परत घेण्याची ही सवय ज्याच्या मज्जेत मुरली, त्याला रस्त्यावरच्या भांडणात पहिला ठोसा मारण्याची ऊर्मी आवरता येईल, आणि हल्लेखोर पळू लागताच हात थांबविता येईल, असे मला वाटते. कायदा ज्या संयमाची अपेक्षा धरतो, त्याची रोजची तालीम देणारी दुसरी शाळा माझ्या पाहण्यात नाही.

बाकीचे शिक्षण इतरत्र घ्यावे लागते. आरेच्या रानात, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, सप्टेंबर २०२१ मध्ये एक वयस्क बाई घराच्या अंगणात बसावयास गेल्या असता मागून बिबट्याने झेप घेतली. हातात चालण्याची काठी होती. त्या पडल्या, पण पडल्या पडल्या त्या काठीने त्यांनी त्याला ढोसले, ओरडल्या, आणि तो मागे हटला. कॅमेऱ्यात टिपलेले ते दृश्य मुंबईने घरोघरी पाहिले. जवळ असलेली वस्तू, मोठ्याने काढलेला आवाज आणि हार न मानणे, हे त्यांचे सारे शस्त्रागार.

मी शेजाऱ्यांना एवढेच सांगितले की, मुलीला नेमबाजी जरूर करू द्या, पण रात्रीच्या वाटेसाठी तिला धावण्याचा दम, हात सोडवून घेण्याचे दोन-चार डाव आणि मोठ्याने ओरडण्याची लाज सोडणे, हे वेगळे शिकवा. मेट्रो स्थानकावरून येताना जो रस्ता उजेडाचा नि दुकानांचा आहे तोच धरावयास सांगा, चार पावले अधिक पडली तरी. ती ऐकत होती. पिस्तूल कापडाने पुसून तिने पेटीत ठेवले, कुलूप लावले, किल्ली आईकडे दिली आणि म्हणाली, “बाबा, हे इथेच असतं की. मी आधी पळणार, मग ओरडणार.” वडिलांनी माझ्याकडे पाहिले, आणि उद्या क्लास किती वाजता सुटतो, हे तिला विचारले.